मुंबई ते विजयदुर्ग : खाड्या ओलांडत

पौष शुद्ध दशमी : भाऊचा धक्का, अलिबाग, नागाव

गाडीने कोकणात जायचे म्हटले की मुंबईकर पनवेल गाठतो आणि महामार्गाला लागतो. आम्ही किनारा शक्यतो सोडायचा नाही, असे ठरवून निघालो होतो. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळण्याआधी रुंद खाडी होते आणि किनाऱ्याचा रस्ता तिथे तुटतो, त्यामुळे किनारा धरून जायचे म्हणजे नदीच्या मुखाशी थांबत थांबतच जावे लागते. रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या आसपासपासून बोलली जाते. तेव्हापासून काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर ते कागदावर आहेत, आणि उरलेल्या ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवूनच पलीकडे न्यावी लागते.

बरोबर पत्नी होती आणि माझे मामा होते. मामांचे बालपण दापोली तालुक्यात गेले आणि नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. पंचाहत्तरी उलटली तरी भरतीची वेळ ते मोबाइलवर पाहत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांना पुरतो : दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पाच-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, पण पुळणीवर उतरायचे की नाही एवढे ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. आमचा कार्यक्रमच तिथींवर बेतलेला असल्यामुळे ही टिपणेही मी तिथीवारच लिहिली आहेत.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. खालच्या मजल्यावर गाड्या आणि वर माणसे, अशी तिची रचना असून साधारण तासाभरात ती पलीकडे पोहोचते. हिवाळ्यात या बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. हे पक्षी थंडीपुरते उत्तरेकडून इथे येतात आणि बोटीवरून फेकलेले चिवडा-शेव हवेतल्या हवेत टिपायला शिकलेले आहेत. ते त्यांच्या पोटाला चांगले नाही, असे पत्नीने शेजारच्या मुलांना सांगून पाहिले. मुलांच्या आईने पाकीट आत ठेवले, मुलांनी दुसरे काढले. मामा मात्र धुक्यात काशाचा खडक दिसतो का, हे पाहत उभे होते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट त्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या मागच्या पिढीत बोटीने कोकणात निघालेल्या माणसाला निरोप देताना त्या नावाचा उच्चार कोणी करत नसे, असे मामांनी सांगितले.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जावे, असा विचार होता. ओहोटी दीडनंतरची होती आणि वेळ जुळतही होती. परंतु अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे दिवस असतात, म्हणजे भरतीही फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. त्यामुळे किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी तसेच राहिले होते आणि पर्यटकांच्या घोडागाड्या त्यातून पाणी उडवत जात होत्या. मामांना घोडागाडीत बसवण्याचे धाडस आम्ही केले नाही. कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचे दर्शन घेऊन नागावला मुक्कामाला गेलो.

रात्री घरमालकांनी पोपटी लावली. रायगड जिल्ह्यात हिवाळा म्हणजे वाल, आणि वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर मडकी चढलीच म्हणून समजावे. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा, त्यावर शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, मध्ये मसाला लावलेली कोंबडी, अंडी आणि बटाटे, वर पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचे. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि लाकडे रचून जाळ करायचा आणि अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून पाहायचे. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडाले तर पोपटी झाली. भांबुर्डी हे रस्त्याकडेला उगवणारे साधे तण आहे, आणि शेंगांना येणारा उग्र, किंचित कडवट वास सगळा त्याचा असतो. हल्ली उपाहारगृहांत भट्टीवर केलेली पोपटी मिळते. तिला धुराचा वास येतो, भांबुर्डीचा येत नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी असल्यामुळे मामांनी दशमीची कसर भरून काढली.

पौष शुद्ध एकादशी : कोर्लई, जंजिरा, दिघी

रेवदंडा आणि कोर्लई हे कुंडलिका नदीच्या मुखाचे दोन काठ आहेत आणि दोन्ही काठांवर पोर्तुगीजांचे किल्ले आहेत. खाडीवर आता पूल असल्याने इकडून तिकडे जायला काहीच वेळ लागत नाही, परंतु पुलावर गाडी हळू केली तर एवढ्याशा अंतरात दोन किल्ले का लागले, ते ध्यानात येते. खाडीत शिरणारे गलबत दोन्ही बाजूंच्या तोफांच्या माऱ्यात यावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढच्या सगळ्या प्रवासात हीच रचना वारंवार दिसत गेली : राजपुरीच्या खाडीवर जंजिरा, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटणवर विजयदुर्ग. कोकणातला व्यापार खाड्यांतून आत बंदरांपर्यंत आणि तिथून घाटांनी देशावर जात असे, तेव्हा ज्याच्या हातात खाडीचे तोंड, त्याच्या हातात जकात.

पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, तरी कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. दुकानात चहा घेताना दोन वृद्ध स्त्रियांचे बोलणे कानांवर पडत होते. शब्द एकही कळला नाही, पण हेल पुरता आगरी-कोळी वळणाचा होता.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. वारा पडलेला असल्यामुळे होडी वल्ह्यांवरच चालली होती, आणि किल्ला अगदी जवळ येईपर्यंत त्याला दार कुठे आहे ते कळत नव्हते. शेवटच्या क्षणी होडी वळते आणि दोन बुरुजांच्या आड दडलेला दरवाजा एकदम समोर येतो. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला, आणि त्याआधी शिवाजी महाराजांनी समोरच कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. तटावरून पद्मदुर्ग पाहताना दोन सत्तांमधला सगळा इतिहास नजरेच्या एका टप्प्यात मावतो. किल्ल्यात मात्र गर्दी फार होती, आणि कलाल बांगडी तोफेशी फोटो काढणाऱ्यांची रांग तोफेपेक्षा लांब होती. आम्ही लवकर परतलो.

आगरदांडा ते दिघी ही पहिली खरी फेरीबोट. जेटीवर रांगेत एक टेम्पो, दोन एसटीतून उतरलेली माणसे, लग्नाचे सामान भरलेली एक रिक्षा आणि आम्ही. पाऊण तास थांबावे लागले. सूर्यास्तानंतर दिवेआगरला पोहोचलो.

पौष शुद्ध द्वादशी : श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी

दिवेआगरच्या वाडीत १९९७ मध्ये जमीन खणताना सोन्याचा गणेश मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवला गेला, एवढे मुंबईत सर्वांना ठाऊक असते. त्यापेक्षा गावातली रूपनारायणाची शिलाहारकालीन मूर्ती अधिक वेळ पाहण्यासारखी आहे, असे माझे मत आहे. मूर्तीभोवतीच्या प्रभावळीत दशावतार इतके बारीक कोरलेले आहेत की पुजाऱ्यांनी विजेरी धरली तेव्हाच ते सुटे सुटे दिसले.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की खिडकीतून फक्त पाणीच दिसते. श्रीवर्धनला, म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट यांच्या गावी, आम्ही पेशव्यांपेक्षा सुपारीसाठी थांबलो. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. ज्या वाडीत आम्ही गेलो तिथे ते अजून दिसत होते. वाचलेली जुनी झाडे चाळीस-पन्नास फूट उंच, आणि त्यांच्यामध्ये डोक्याएवढी, कुठे छातीएवढी नवी रोपे. वाडीच्या मालकांनी एक गोष्ट सांगितली जी बातम्यांत कधी वाचली नव्हती. पूर्वी झाडे दाट होती तेव्हा सुपारी काढणारा गडी एका झाडावर चढला की शेंड्याला झोका देऊन दुसऱ्या झाडाचा शेंडा पकडत असे आणि असा अर्धी वाडी फिरून मगच खाली येत असे. आता झाडे एकमेकांपासून लांब राहिली आहेत, म्हणून प्रत्येक झाडासाठी चढायचे आणि उतरायचे. त्यामुळे मजुरी वाढली आणि चढणारे गडीही कमी झाले. ‘रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षे लागतात, ती कशीबशी गेली, पण गडी कुठून आणायचा?’ असे ते म्हणाले, आणि पाटाचे पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवायला निघून गेले.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीला करायची असते, आणि द्वादशीच्या हिशेबाने ती वेळ तीनची होती. डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून गेल्यावर लाटांनी खाऊन जाळीदार झालेल्या खडकांवरून वाट जाते. भरती लागल्यावर इथे माणसे वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत आणि तसे फलकही आहेत, तरी साडेचारला आम्ही परत येत असताना लहान मुलांना घेऊन खाली उतरणारी दोन कुटुंबे भेटली. मामांनी त्यांना अडवले. त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, ‘आजोबा, पाणी तर लांब आहे.’ मामांनी काहीही समजावून न सांगता खडकावरची ओली रेघ दाखवली. ती कमरेच्या वर होती. कुटुंबे परत फिरली.

बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्री ओलांडायची आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात शिरायचे. खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. बोटीची वाट पाहताना पत्नी म्हणाली की पूल झाला तर या प्रवासातली मजा जाईल. जेटीवरच्या टपरीवाल्या बाई हसल्या. ‘ताई, रात्री बाळंतपणाला न्यायची वेळ आली की मजा कळते’, एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा पुढे केला. बोट बंद झाल्यावर पलीकडच्या काठावर जायचे तर डोंगरांतून मोठा वळसा पडतो. यावर बोलण्यासारखे आम्हांला काही नव्हते. हौसेने थांबणारे आम्ही तिघे सोडले तर त्या जेटीवर प्रत्येक जण नाइलाजाने थांबलेला होता.

पौष शुद्ध त्रयोदशी : वेळास, हर्णै

वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, परंतु आता ते कासवांचे म्हणून ओळखले जाते. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्यापूर्वी अंडी उकरून नेली जात. माद्या हिवाळ्यात रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात, आणि कोल्ह्या-कुत्र्यांपासून व भरतीपासून ती वाचावीत म्हणून कार्यकर्ते पहाटे माग काढून ती जाळीच्या कुंपणात तशाच खोल खड्ड्यांत ठेवतात. पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. त्यामुळे महोत्सवाला गर्दी होते ती पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये. आम्हांला पिल्लू दिसणार नव्हते, ते ठाऊक होते. दिसले ते असे : कुंपणात वाळूवर उलट्या ठेवलेल्या टोपल्या, प्रत्येकीजवळ तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, आणि किनाऱ्यावर त्याच रात्री येऊन गेलेल्या मादीचा माग. मध्ये पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे आळीपाळीने उमटलेले ठसे. येतानाचा एक आणि जातानाचा एक. जातानाचा माग ओल्या वाळूत संपला होता.

केळशी आणि आंजर्ले भराभर मागे टाकून हर्णैला चारपर्यंत पोहोचलो, कारण लिलाव सुटू द्यायचा नव्हता. बंदरात धक्का पुरेसा नसल्याने मोठ्या होड्या सुवर्णदुर्गासमोर खोल पाण्यात नांगरतात, तिथून लहान होडक्यांतून मासळी उथळ पाण्यात आणली जाते आणि तिथे बैलगाड्या उभ्या असतात. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे असतात, गाडीवान टोपल्या चढवतो आणि गाडी पुळणीवर येते. ओल्या वाळूवर वाटे मांडले की भोवती माणसांचे कोंडाळे जमते. बोली इतकी जलद चालते की परक्या माणसाला आकडा संपला कधी आणि माल गेला कुणाकडे हेच समजत नाही. एक बाई मानेने होकार देते, लिलाव करणारा बर्फाचा एक खडा त्या वाट्यावर टाकतो, आणि व्यवहार झालेला असतो. त्या दिवशी कोळंबी आणि माकूळ भरपूर होती, सुरमई कमी. सुरमई का कमी, असे विचारल्यावर एका म्हाताऱ्या खलाशाने समुद्राकडे हात करून प्रखर दिवे लावून आणि पर्ससीन जाळ्यांनी मासे ओढणाऱ्या नौकांना दोन शिव्या दिल्या. त्या इथे लिहिता येत नाहीत, पण मुद्दा बिनतोड होता.

मामा बराच वेळ बंदराकडे पाहत होते. कोकणबोट इथेच बाहेर नांगरून उभी राहत असे, आणि पडावात उतरताना आईने त्यांच्या कमरेला धरून ठेवलेले असे, एवढे त्यांनी सांगितले. मागे किल्ला तसाच होता. १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमाराचा अधिकारी जेम्स याने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पुढच्याच वर्षी काय झाले ते विजयदुर्गला पाहायचे होते.

पौष शुद्ध चतुर्दशी : दोन खाड्या

दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा दोन फेरीबोटी एका दिवसात घ्यायच्या म्हणजे मध्ये गुहागरला फक्त जेवायला थांबता येते. व्याडेश्वराचे दर्शन, सुरूच्या बनातून दिसणारी सरळसोट पुळण आणि हेदवीच्या बामणघळीत भरतीनंतर उरलेले पाणी, यापलीकडे लिहिण्यासारखे काही घडले नाही. संध्याकाळी गणपतीपुळ्याला पोहोचलो. गर्दीमुळे तिथला मुक्काम टाळून मालगुंडला राहिलो.

पौष पौर्णिमा : सडा आणि मोहोर

आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, असा हा टप्पा. पावसच्या पुढे आमराया सुरू झाल्या आणि गाडीच्या काचा खाली केल्या. रात्री थंडी पडली तरच हापूसला नीट मोहोर येतो, आणि आभाळ आले की तुडतुडे आणि भुरी येते. म्हणून पौष महिन्यात बागायतदार पंचांगापेक्षा आकाशाकडे अधिक पाहतो. एका बागेत फवारणी चालू होती आणि मोहोराच्या वासात औषधाचा वास मिसळला होता. मुंबईत पेटी उघडताना यातले काही जाणवत नाही.

कशेळीच्या सड्यावरचे कातळशिल्प हे या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या, माशांच्या, पक्ष्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली अशी काही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. रेषा उथळ असल्यामुळे भर दुपारी काहीच दिसत नाही. हिवाळ्यात ऊन लवकर तिरपे होते, आणि चारनंतर प्रत्येक खाचेला सावली मिळून आधी सोंड, मग पाय, मग पोटातले मासे असे एकेक दिसू लागले. हे कोणी आणि कशासाठी कोरले, याचे निश्चित उत्तर आजवर मिळालेले नाही. सड्याच्या कडेने जाणाऱ्या गुराख्याने मात्र, गुरे त्या रेषांवरून जाऊ नयेत म्हणून, ती हत्तीला वळसा घालून हाकत नेली.

जैतापूरची खाडी आणि वाघोटण, दोन्ही पुलांवरून ओलांडून रात्री विजयदुर्गला आलो.

पौष वद्य प्रतिपदा : विजयदुर्ग आणि परतीची वाट

विजयदुर्गाच्या तटावर एक जागा साहेबाचे कट्टे म्हणून दाखवतात, आणि हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इथे उभे राहून लावला, असे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले हे खरे. परंतु या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन त्या दिवशी गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये केले. किल्ल्याला हे उसने मोठेपण लागतच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली आणि या तटाखालच्या पाण्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असे एतद्देशीय आरमार त्यानंतर उरले नाही. तटावरून ती जागा दाखवणारा वाटाड्या हे सगळे दोन वाक्यांत उरकतो आणि हेलियमवर पंधरा मिनिटे बोलतो.

परत येताना खारेपाटणपाशी महामार्गाला लागलो आणि मामांनी नद्यांची नावे घ्यायला सुरुवात केली. राजापूरची अर्जुना, वाकेडला मुचकुंदी, अंजणारीला काजळी, संगमेश्वरला शास्त्री, चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी. ज्यांच्या मुखांशी आम्ही तास-तास थांबलो होतो त्यांतल्या निम्म्या इथे पुलांखालून अर्ध्या मिनिटात गेल्या. महाडला सावित्रीवर आल्यावर सगळेच गप्प झालो, कारण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. नवा पूल रुंद आणि भक्कम आहे. कोलाडला कुंडलिका, नागोठण्याला अंबा, आणि पेणच्या अलीकडे वाहनांची रांग. तिथे आम्ही आगरदांड्याच्या जेटीवर थांबलो होतो त्याहून जास्त वेळ थांबलो, आणि उतरून चहा घ्यायलाही जागा नव्हती.